हातातला वारा

(पंखा ही रोजच्या वापरातली साधी वस्तू. तिच्यात झाडांची ओळख आहे, विज्ञान आहे, कारागिरी आहे आणि इतिहासही आहे. या पाठात हातपंख्याची माहिती दिली आहे. ती वाचताना पंखा कशाचा आहे एवढेच पाहू नका. तो कोणाच्या हातात आहे, हेही पाहा.)

मुलांनो, उर्दूत आपण 'हवा चल रही है' असे म्हणतो. मराठीत मात्र 'वारा सुटला आहे' किंवा 'वारा वाहतो आहे' असे म्हणतात. मराठीत हवा आणि वारा हे दोन वेगळे शब्द आहेत. हवा आपल्या भोवती नेहमीच असते. ती हलू लागली, की तिचा वारा होतो.

आणखी एक गंमत पाहा. उर्दूत 'पंखा झलना' असा प्रयोग आहे. मराठीत त्यासाठी दोन प्रयोग आहेत. पंखा हलवून स्वतःला गार केले, तर 'वारा घेतला' असे म्हणतात. दुसऱ्यासाठी पंखा हलवला, तर 'वारा घातला' असे म्हणतात. भुकेल्याला आपण जेवायला घालतो. तसाच उकाड्याने कासावीस झालेल्याला वारा घालतो. घेणे आणि घालणे हे दोन शब्द लक्षात ठेवा. पंख्याची सारी गोष्ट या दोन शब्दांत आहे.

'पंखा' हा शब्द 'पंख' या शब्दावरून आला. पक्षी पंख हलवतो तेव्हा हवा ढवळली जाते. माणसाला पंख नाहीत, म्हणून त्याने हातात पंखा घेतला. पंख्याला मराठीत 'विंझणा' असाही एक जुना, गोड शब्द आहे. संस्कृतातील 'व्यजन' या शब्दावरून तो तयार झाला.

पंख्यामुळे आपल्याला गार का वाटते? एक सोपा प्रयोग करून पाहा. एका हाताच्या पाठीवर थोडे पाणी लावा. दुसरा हात कोरडा ठेवा. आता मित्राला वहीने दोन्ही हातांवर वारा घालायला सांगा. ओला हात जास्त गार लागेल. पाण्याची वाफ होताना ते त्वचेतली उष्णता घेऊन जाते. घामाचेही तसेच आहे. पंखा खोलीतली हवा थंड करत नाही. तो अंगाजवळची दमट हवा दूर सारतो आणि तिच्या जागी नवी हवा आणतो. त्यामुळे घाम लवकर सुकतो आणि अंग गार होते.

आपले पनवेल खाडीच्या काठी आहे. समुद्रही दूर नाही. त्यामुळे इथल्या हवेत ओलावा फार. मे महिन्यात घाम येतो, पण सुकत नाही. म्हणून वीज गेली, की वर्गातली प्रत्येक वही पंखा होते. विदर्भात उन्हाळ्यात हवा कोरडी आणि फार तापलेली असते. तापमान चाळीस अंशांच्या वर गेले, की नुसता पंखा पुरत नाही. तो गरम हवाच अंगावर आणतो. तिथे पाण्याची मदत घ्यावी लागते. ती कशी, ते पुढे येईलच.

आता पंखा कशाचा करतात ते पाहू.

कोकणच्या किनाऱ्यावर माड आणि ताड ही दोन्ही झाडे दिसतात. दुरून ती सारखी वाटतात, पण त्यांची पाने नीट पाहा. माडाची झावळी पिसासारखी असते. मधे लांब दांडा आणि दोन्ही बाजूंना पात्या. ताडाचे पान उघडलेल्या पंजासारखे असते. सगळ्या पात्या एका जागेतून निघून गोलाकार पसरतात. त्या पानाला घड्या असतात आणि खाली मजबूत देठ असतो. म्हणजे निसर्गाने पंखा जवळजवळ तयारच करून दिला आहे! शास्त्रज्ञांनी ताडाला 'बोरॅसस फ्लॅबेलिफर' असे नाव दिले आहे. त्यातील 'फ्लॅबेलिफर' या लॅटिन शब्दाचा अर्थच 'पंखा धारण करणारा' असा आहे.

ताडाच्या पानाचा पंखा करायला फार हत्यारे लागत नाहीत. पान देठासकट कापतात. ते वजनाखाली दाबून सुकवतात, म्हणजे ते सपाट राहते. मग कडा गोल कापतात. पानाची कड लवकर फाटते, म्हणून तिच्यावर वेताची बारीक पट्टी किंवा कापड शिवतात. देठ हाच दांडा होतो. पानाच्या घड्यांमुळे पंखा हलका असूनही वाकत नाही. साधा कागद उभा धरला तर लवतो. त्याच कागदाला घड्या घातल्या तर तो ताठ उभा राहतो. ताडाच्या पानातही हीच युक्ती आहे.

बांबूचा पंखा वेगळ्या रीतीने होतो. महाराष्ट्रात बुरूड समाजाचे कारागीर बांबूपासून सूप, टोपली, परडी अशा वस्तू विणतात. पंखाही त्यांच्याच हातचा. बांबू उभा चिरून त्याच्या पातळ, लवचीक पट्ट्या काढतात. त्यांना 'बेळ' म्हणतात. काही बेळ रंगवतात. मग एक पट्टी वर, एक पट्टी खाली अशा क्रमाने विणतात. कधी दोन वर, एक खाली असा क्रम घेतात. क्रम बदलला, की नक्षी बदलते. कुठे चौकट दिसते, कुठे नागमोडी रेघ. ही नक्षी वरून काढलेली नसते. ती मोजून विणलेली असते. विणणाऱ्याने शाळेत गणित शिकले असो वा नसो, त्याच्या बोटांना गणित येत असते.

काही पंखे झेंड्यासारखे असतात. त्यांचा दांडा मधे नसून एका बाजूला असतो. या दांड्यावर बांबूची पोकळ नळी बसवतात. नळी हातात धरून मनगट थोडेसे फिरवले, की पंखा गोल फिरू लागतो. पुढे-मागे हलवायच्या पंख्याला दर वेळी थांबवून उलट वळवावे लागते. गोल फिरणाऱ्या पंख्याला थांबावे लागत नाही, म्हणून हात कमी दुखतो. तासन्‌तास वारा घालणाऱ्या कोणाला तरी ही युक्ती सुचली असणार.

तिसरी वस्तू म्हणजे वाळा. उर्दूत तुम्ही त्याला खस म्हणता. वाळा हे एक उंच गवत आहे. त्याची मुळे जमिनीत खूप खोल जातात आणि माती धरून ठेवतात. या मुळांना मंद, गोड वास असतो. उन्हाळ्यात माठातल्या पाण्यात वाळ्याची जुडी टाकतात, ती याच वासासाठी. मुळे सुकवून, विणून त्यांचा पंखा करतात. त्यावर पाणी शिंपडून तो हलवला, की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि सुगंधी, गार वारा येतो. कोरड्या हवेत पाण्याची मदत घ्यावी लागते असे वर म्हटले, ती मदत हीच. बादशहा अकबराच्या काळी बांबूच्या झोपड्यांमध्ये वाळा भरून त्यावर पाणी शिंपडत असत. अबुल फजल यांनी 'आईने-अकबरी' या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. आजच्या कूलरमध्ये ओल्या जाळीतून हवा येते. त्यामागचे तत्त्वही हेच आहे.

वाळ्याच्या पंख्याचे सर्वांत देखणे रूप पाहायचे असेल, तर सावंतवाडीचे नाव घ्यावे लागते. पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले, की सिंधुदुर्ग जिल्ह्यात हे गाव लागते. स्वातंत्र्यापूर्वी ते एका संस्थानाची राजधानी होते. लाकडी खेळण्यांसाठी आणि हाताने रंगवलेल्या गोल गंजिफांसाठी ते आजही प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सरकारी गॅझेटियरमध्ये सावंतवाडीच्या आणखी एका कामाचा उल्लेख आढळतो. तिथे वाळ्याचे पंखे, टोपल्या आणि पेट्या होत असत. त्या सोन्याच्या तारेने आणि भुंगेऱ्यांच्या पंखांनी सजवत.

भुंगेऱ्यांचे पंख! वाचून आश्चर्य वाटले ना? काही भुंगेऱ्यांच्या पाठीवरचे कठीण पंख हिरव्या-निळ्या रत्नासारखे चमकतात. ही चमक एखाद्या रंगाने येत नाही. पंखांच्या अतिशय पातळ थरांवरून प्रकाश परत फिरतो, त्यातून ती येते. म्हणून कापडाचा रंग विटतो, पण हा रंग शंभर वर्षांनंतरही तसाच राहतो. तपकिरी, खरखरीत मुळांच्या विणीवर सोनेरी तार आणि तिच्यामधे हे हिरवे ठिपके कसे दिसत असतील, त्याची कल्पना करा. राजवाड्यात शोभेल अशा वस्तूसाठी कारागिराने गवताचे मूळ आणि किड्याचा पंख निवडला. मोल वस्तूचे नव्हते, हाताचे होते.

कापडी पंख्यांची दुनियाही मोठी आहे. गुजरात आणि राजस्थानात कापडावर भरतकाम करून, आरसे लावून पंखे करतात. कुठे मणी ओवतात, तर कुठे रेशमी कापडावर जरीकाम करतात. 'जरी' आणि 'जरदोजी' हे शब्द तुम्हाला ओळखीचे वाटतील. 'जर' म्हणजे सोने. फारसीतून हा शब्द उर्दूत आला आणि मराठीतही आला. 'नक्षी', 'रेशीम', 'कारागीर' हे शब्दही असेच दोन्ही भाषांच्या घरात राहतात. कापडी पंख्याच्या कडेला झालर लावतात. ती केवळ शोभेसाठी नसते. झालरीने पंख्याचा आकार वाढतो, पण वजन फारसे वाढत नाही. शिवाय पंखा कोणाला लागला, तरी इजा होत नाही.

आता दुसरा प्रश्न. पंखा कोणाच्या हातात असे?

जुन्या काळी राजा स्वतः वारा घेत नसे. त्याला दुसरे कोणी वारा घाली. म्हणून पंखा हे मानाचे चिन्ह झाले. वनगाईच्या शेपटीच्या केसांची चवरी आणि मोराच्या पिसांचे मोर्चेल ही त्याचीच भावंडे. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांत चवरी धरलेले सेवक दिसतात. इजिप्तचा राजा तुतानखामेन याची कबर १९२२ साली सापडली. तिच्यात शहामृगाच्या पिसांचा, सोन्याने मढवलेला पंखा मिळाला. तीन हजारांहून अधिक वर्षांत किड्यांनी पिसे खाल्ली, पण सोन्याचा भाग टिकला. आपल्या जिल्ह्याला ज्या किल्ल्याचे नाव मिळाले, त्या रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्याच्या वर्णनात छत्र, पंखा आणि चामर घेऊन उभ्या असलेल्या मंत्र्यांचा उल्लेख येतो. तिथला पंखा उकाड्यासाठी नव्हता. 'हा आमचा राजा आहे' असे तो सांगत होता.

जपानमध्ये हजार वर्षांपूर्वीच घडीचा पंखा तयार झाला. लाकडाच्या किंवा बांबूच्या पातळ काड्या एका टोकाला खिळीने जोडतात आणि त्यांवर कागद चिकटवतात. उघडला तर पंखा, मिटला तर काठी. तो कपड्यात सहज राहतो. जपानमधून तो चीनमध्ये गेला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत तो युरोपात पोहोचला. तिथे हस्तिदंत, शिंपले, रेशीम आणि जाळीदार लेस वापरून एकाहून एक सुंदर पंखे झाले. लंडनच्या ग्रिनिच भागात १९९१ साली खास पंख्यांचे संग्रहालय उघडले. आपल्या देशात चित्रकार जतीन दास यांनी अनेक वर्षे फिरून हजारो हातपंखे जमवले. घडीचा पंखा हा 'वारा घेण्याचा' पंखा. तो ज्याचा त्याच्या हातात असतो.

इंग्रजी अमलात आणखी एक पंखा आला. तो छताला टांगलेला असे. लाकडी चौकटीवर लांबरुंद कापड ताणलेले असे. त्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर ओसरीत जाई. तिथे बसलेला पंखेवाला ती दोरी दिवसभर ओढी. रात्रीही ओढी. आत साहेब झोपे, बाहेर पंखेवाला घाम गाळी. त्याला पगार अगदी थोडा मिळे. त्याला डुलकी लागली, तर कधी शिव्या, कधी मार मिळे. पंखेवाल्यांना झालेल्या मारहाणीच्या घटना त्या काळी नोंदल्या गेल्या आहेत. काहींचा तर त्यात जीव गेला. पंखा तोच, वाराही तोच. पण आईने तापातल्या मुलाला वारा घालणे आणि उपाशी माणसाने मार खाण्याच्या भीतीने वारा घालणे, या दोन गोष्टी एक नाहीत. एकीत माया आहे. दुसरीत जुलूम आहे.

१८८० नंतरच्या दशकात अमेरिकेत विजेचे पंखे तयार झाले. पुढे वीज आपल्याकडे आली आणि पंखेवाल्याच्या हातातली दोरी सुटली. ही फार चांगली गोष्ट झाली. यंत्राने माणसाला अशा कामातून सोडवले, तर त्याचे स्वागतच करावे. परंतु त्याच यंत्राने पंखा विणणाऱ्याचेही गिऱ्हाईक नेले. त्यात प्लॅस्टिकचे स्वस्त पंखे आले. आता हातपंखा विकत घेणारा थोडा आणि त्याचे योग्य दाम देणारा त्याहून थोडा. मागणी संपली, की कारागीर आपल्या मुलाला ते काम शिकवत नाही. मग कोणते पान निवडावे, कोणता बांबू कधी तोडावा, हे ज्ञान पुस्तकात न उतरताच नाहीसे होते.

तरीही पंखा अजून पूर्ण गेलेला नाही, कारण तो दानाची आणि प्रेमाची वस्तू आहे. महाराष्ट्रातील हिंदू घरांत अक्षय्य तृतीयेला पाण्याचा घडा आणि पंखा दान देण्याची रीत आहे. ऐन उन्हाळ्यात तहानलेल्याला पाणी द्यावे आणि थकलेल्याला वारा द्यावा, हा त्यामागचा विचार. दिल्लीजवळच्या मेहरौलीत १८१२ साली, बादशहा अकबर शाह दुसरा याच्या काळात, 'फूलवालों की सैर' सुरू झाली. या जत्रेत फुलांनी सजवलेले मोठे पंखे मिरवत नेत. एक पंखा ख्वाजा बख्तियार काकी यांच्या दर्ग्याला आणि एक योगमाया देवीच्या मंदिराला. दोन्ही ठिकाणी हिंदू आणि मुसलमान एकत्र जात. १९४२ साली इंग्रज सरकारने ही जत्रा बंद पाडली. स्वातंत्र्यानंतर पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या पुढाकाराने ती पुन्हा सुरू झाली. फुलांच्या पंख्याने फारसा वारा येत नाही. पण शेजाऱ्याच्या दारी आदराने नेलेली वस्तू वाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त काही देते.

मुलांनो, आता घरात किंवा बाजारात हातपंखा दिसला, तर तो हातात घेऊन पाहा. पान कोणते आहे? वीण कशी आहे? दांडा मधे आहे की बाजूला? पंख्यावर कारागिराचे नाव नसते, पण त्याची प्रत्येक गाठ त्याने विचार करून मारलेली असते. विकत घेताना उगाच घासाघीस करू नका. आणि वीज गेली, की तो पंखा आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे, आजाऱ्याकडे, तान्ह्या बाळाकडे वळवा. वारा घेणे सगळ्यांना येते. वारा घालणे शिकावे लागते.

शब्दार्थ

कासावीस – व्याकूळ, बेचैन
झावळी – माडाचे लांब पान
दमट – ओलसर
लवणे – वाकणे, झुकणे
लवचीक – न मोडता वाकणारा
बेळ – बांबूची पातळ, लांब पट्टी
वाळा – खस
भुंगेरा – कठीण पाठीचा एक किडा
विटणे – रंग फिका पडणे
मोर्चेल – मोराच्या पिसांचा पंखा (उर्दूत मोरछल)
ओसरी – घरापुढची उघडी, छत असलेली जागा
जुलूम – अन्याय, छळ
घासाघीस – भाव कमी करण्यासाठी केलेली ओढाताण

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'विंझणा' हा शब्द कोणत्या शब्दावरून तयार झाला?
(आ) 'फ्लॅबेलिफर' या शब्दाचा अर्थ काय?
(इ) सावंतवाडीचे वाळ्याचे पंखे कशाने सजवत?
(ई) 'फूलवालों की सैर' कोणत्या साली सुरू झाली?

प्रश्न २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पंख्यामुळे आपल्याला गार का वाटते?
(आ) माडाचे पान आणि ताडाचे पान यांत कोणता फरक आहे?
(इ) भुंगेऱ्याच्या पंखाचा रंग का विटत नाही?
(ई) विजेचा पंखा आल्याने कोणाचे भले झाले आणि कोणाचे नुकसान झाले?

प्रश्न ३. 'हवा' किंवा 'वारा' यांपैकी योग्य शब्द भरा.
(अ) सायकलच्या चाकात ______ भर.
(आ) संध्याकाळी खाडीकडून गार ______ सुटतो.
(इ) आज ______ फार दमट आहे.

प्रश्न ४. 'घेणे' किंवा 'घालणे' यांचे योग्य रूप वापरून वाक्ये पूर्ण करा.
(अ) दादी झोपली होती, म्हणून सलमाने तिला वारा ______.
(आ) मजूर झाडाखाली बसून वारा ______ आहे.

प्रश्न ५. 'पंखा तोच, वाराही तोच', असे लेखकाने कोणत्या प्रसंगाविषयी म्हटले आहे? त्यावर तुमचे मत पाच-सहा ओळींत लिहा.

उपक्रम : जुन्या पुठ्ठ्याचा किंवा घड्या घातलेल्या कागदाचा पंखा तयार करा. तुमच्या भागातील बांबूकाम करणाऱ्या कारागिराला भेटा. एक वस्तू विणायला किती वेळ लागतो आणि तिला किती दाम मिळते, ते विचारून मराठीत दहा ओळी लिहा.